फोटोतला मान, खिशातलं कार्ड

न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत १२ ऑगस्ट १९५८च्या सकाळी काढलेल्या एका फोटोला जॅझच्या चाहत्यांच्या घरी देव्हाऱ्यातल्या तसबिरीचा मान असतो. पूर्व १२६व्या रस्त्यावरचं १७ नंबरचं घर, त्याच्या दारापुढच्या दगडी पायऱ्या आणि त्या पायऱ्यांपासून फुटपाथपर्यंत पसरलेले ५७ वादक-गायक. ‘एस्क्वायर’ मासिकाने जानेवारी १९५९च्या अंकात जॅझच्या सुवर्णकाळाचा गौरव म्हणून तो छापला. पुढे त्याची पोस्टरं झाली, पुस्तकं निघाली, १९९४मध्ये जीन बाखने त्यावर केलेला माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. हॉलिवूडच्या एका चित्रपटाचा नायक तर या फोटोतल्या एका वादकाची सही मिळवायला निघतो आणि विमानतळावर अडकून पडतो.

या फोटोबद्दल वाईट बोलणं अवघड आहे, आणि मला बोलायचंही नाही. माझी तक्रार आहे ती त्याच्या नावाने फाडल्या जाणाऱ्या पावतीबद्दल. अमेरिकेने आपल्या वादकांच्या एका पिढीची कशी कदर केली याचा पुरावा म्हणून हा फोटो पुढे केला जातो. प्रत्यक्षात कदर केली ती एका मासिकाने, एका सकाळपुरती. शहराने, पोलिसांनी आणि कायद्याने याच माणसांना त्याच काळात कसं वागवलं हे फोटोशेजारी मांडून पाहिलं की ती पावती खोटी निघते. कलावंतांची कदर करायची म्हणजे समाजाने नेमकं काय करायचं, हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे समोर ठेवणारं दुसरं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

आधी फोटो नीट पाहू. आर्ट केन तेव्हा तेहतीस वर्षांचा, मासिकांच्या मांडणीचं काम करणारा कला-दिग्दर्शक. फोटोग्राफर म्हणून हे त्याचं पहिलंच व्यावसायिक काम. स्वतःचा स्टुडिओ नाही, त्यामुळे सगळ्यांना रस्त्यावरच बोलवावं, तेही हार्लेममध्ये, असं त्याने ठरवलं. वेळ दिली सकाळी दहाची. पहाटे तीन-चारला काम आटोपणाऱ्या माणसांना ही वेळ म्हणजे चेष्टाच. दिवसात दहा दोनदा वाजतात हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं त्यांच्यापैकी कोणी तरी म्हणाल्याचं सांगतात. तरीही माणसं आली. आली ती मात्र रांगेत उभी राहायला नव्हे, तर एकमेकांना भेटायला. एरवी प्रत्येक जण आपापल्या बँडबरोबर कुठे कुठे फिरत असायचा. एवढे दोस्त एका वेळी एका फुटपाथवर कधी सापडायचे? केन वर्तमानपत्राची गुंडाळी तोंडाला लावून ओरडत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. ड्रमवाले ड्रमवाल्यांशी बोलण्यात गुंग होते, पियानोवाले पियानोवाल्यांशी.

म्हणूनच तो फोटो जिवंत आहे. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी जीभ काढून वेडावतोय आणि रॉय एल्ड्रिज मान वळवून त्याच्याकडे बघतोय. तरुणपणी डिझी ज्याच्यासारखं वाजवायला धडपडायचा तोच हा एल्ड्रिज, म्हणजे एका परीने गुरूच. काउंट बेसी उभं राहून कंटाळला आणि फुटपाथच्या कडेला टेकला, तर गल्लीतली पोरं त्याच्या शेजारी ओळीने येऊन बसली. ती पोरंही फोटोत कायमची राहिली. उलट विली ‘द लायन’ स्मिथ हा बुजुर्ग पियानोवादक वैतागून शेजारच्या पायऱ्यांवर जाऊन बसला आणि छापलेल्या फोटोतून कायमचा निसटला. त्या सकाळी कोण शहरात होता, कोणाला निरोप पोहोचला, कोणाला लवकर जाग आली, यावर इतिहासातली जागा ठरली. ड्यूक एलिंग्टन, लुई आर्मस्ट्राँग, माइल्स डेव्हिस, जॉन कोल्ट्रेन, एला फिट्झजेराल्ड यांच्यापैकी एकही जण यात नाही. त्यांना वगळून ‘सुवर्णकाळ’ म्हणणं धाडसाचंच. बायका तर अवघ्या तीन: मेरी लू विल्यम्स, मॅरियन मॅकपार्टलंड आणि मॅक्सीन सुलिव्हन.

पियानोवादक थेलोनियस मंक उशिरा आला. बाकीचे गडद कपड्यांत येतील हे धरून त्याने मुद्दाम फिकट रंगाचं जॅकेट चढवलं होतं, आणि बघणाऱ्याची नजर बायकांकडे आधी जाणार हा हिशेब करून तो मेरी लू आणि मॅरियनच्या शेजारी उभा राहिला, असा किस्सा त्याचे मित्र सांगत. डोक्यावर हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा. हिशेब बरोबर ठरला. आजही नजर तिथेच जाते.

याच मंकचा आणखी एक फोटो त्या वेळी न्यूयॉर्क पोलिसांच्या दप्तरी होता. तो ‘कॅबरे कार्डा’साठी काढलेला. १९४०पासून न्यूयॉर्कमध्ये असा नियम होता की दारू मिळते त्या क्लबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो वेटर असो, गायक असो की ट्रम्पेटवाला, पोलिसांकडे जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, फोटो काढून घ्यायचा आणि कार्ड मिळवायचं. दर दोन वर्षांनी पुन्हा तेच. कार्ड द्यायचं की नाही आणि दिलेलं कधी काढून घ्यायचं, हे पोलीस ठरवणार. जॅझ वाढला तो क्लबमध्ये. त्यामुळे कार्ड गेलं की अमेरिकेतल्या संगीताच्या सगळ्यात मोठ्या बाजारपेठेचं दार बंद.

मंकचं कार्ड १९५१मध्ये गेलं. तो आणि त्याचा मित्र बड पॉवेल एका गाडीत बसलेले असताना पोलिसांना अमली पदार्थ सापडले. तो माल मंकचा नव्हता असंच त्याला ओळखणारे सांगत आले, पण मंकने मित्राविरुद्ध तोंड उघडलं नाही. तुरुंगवास झाला आणि वर सहा वर्षं शहरातल्या क्लबमध्ये वाजवायला बंदी. पस्तिशीच्या आसपासचा, ऐन बहरातला पियानोवादक आपल्याच गावात बेकार, आणि घर चाललं ते बायकोच्या, नेलीच्या कष्टांवर. १९५७मध्ये कार्ड परत मिळालं, ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबमध्ये तो सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनला घेऊन वाजवू लागला आणि तेव्हा कुठे शहराला शोध लागला की हा माणूस थोर आहे. हार्लेमचा फोटो निघाला तो या चांगल्या दिवसांत. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९५८मध्ये, डेलावेअर राज्यात पोलिसांनी त्याला गाडीतून ओढून काढलं, त्याच्या हातांवर दंडुके मारले, आणि कार्ड पुन्हा गेलं. पियानोवादकाच्या हातांवर! फेब्रुवारी १९५९मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये मोठा ताफा घेऊन त्याची मैफल झाली, कारण सभागृहात दारू नसते, तिथे कार्ड लागत नाही. सुवर्णकाळाचा मानकरी म्हणून ज्याचा चेहरा मासिकात झळकला, त्याला त्याच सुमारास त्याच शहरातल्या क्लबमध्ये बसून पोट भरायची मुभा नव्हती.

गायिका बिली हॉलिडे फोटोत नाही. अमली पदार्थ बाळगल्याबद्दल १९४७मध्ये झालेल्या शिक्षेबरोबर तिचं कार्ड गेलं. मार्च १९४८मध्ये तिने कार्नेगी हॉल खचाखच भरवला, पण पन्नास टेबलांच्या क्लबमध्ये गायला ती अपात्र होती. पुढची अकरा-बारा वर्षं, म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, ती तशीच अपात्र राहिली. जुलै १९५९मध्ये न्यूयॉर्कच्या इस्पितळात ती गेली तेव्हाही तिला अटकेत ठेवलेलं होतं. तिचा जिवलग साथीदार लेस्टर यंग फोटोत आहे. तो तिच्या आधी चार महिने, मार्चमध्ये गेला. ऑगस्ट १९५९मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस ‘बर्डलँड’ क्लबच्या दारात, वर पाटीवर स्वतःचंच नाव झळकत असताना, दोन कार्यक्रमांच्या मध्ये हवा खायला उभा होता. एका गोऱ्या स्त्रीला त्याने नुकतंच टॅक्सीपर्यंत सोडलं होतं. पोलिसाने तिथून हटायला सांगितलं, तो हटला नाही, डोकं फुटेपर्यंत मार खाल्ला आणि कार्डही जप्त झालं. नंतर कोर्टात तो निर्दोष ठरला. फोटोला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: नशेचे गुन्हे होते, नियम सगळ्यांना सारखे होते. कागदावर सारखेच होते, मान्य. फ्रँक सिनात्राने बोटांचे ठसे द्यायला नकार दिला. पण सिनात्राला न्यूयॉर्कचे क्लब सोडून देणं परवडत होतं. आणि गुन्ह्याची शिक्षा कोर्टाने दिलीच होती की. कार्ड काढून घेणं ही दुसरी शिक्षा, कोर्टाबाहेरची, बिनमुदतीची, आणि तीही नेमकी माणसाच्या हातातल्या कसबावर घातलेली. दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्या वकिलाची सनद पोलीस चौकीत जमा होत नसे.

कार्डाची पद्धत १९६७मध्ये गेली. नाचगाणं चालणाऱ्या क्लबना परवाना सक्तीचा करणारा मूळ कॅबरे कायदा १९२६चा. काळ्या-गोऱ्यांना एकत्र नाचवणाऱ्या हार्लेमच्या क्लबवर अंकुश ठेवण्यासाठीच तो आला, असं अनेक अभ्यासक मानतात. तो राहिला. १९६१मध्ये त्यात एक सवलत घातली गेली, ती वाचून हसावं की रडावं कळत नाही. कॅबरेचा परवाना नसलेल्या साध्या हॉटेलात संगीत चालेल, पण वादक तिघांपेक्षा जास्त नकोत, आणि वाद्यं पियानो, ऑर्गन, अकॉर्डियन, गिटार किंवा इतर तंतुवाद्यंच हवीत. म्हणजे सॅक्सोफोन नाही, ट्रम्पेट नाही, ट्रॉम्बोन नाही, ड्रम तर नाहीच. आता हा नियम हातात धरून फोटोतल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवा. कोलमन हॉकिन्स, सनी रोलिन्स, बेनी गोल्सन, जेरी मलिगन, आर्ट फार्मर, आर्ट ब्लेकी, जीन क्रुपा, जो जोन्स: सगळे बाद. पियानोवाले आणि बेसवाले राहतील, तेही तिघा-तिघांच्या जथ्याने. ज्या संगीताला हे शहर आपलं म्हणून जगभर मिरवत होतं, त्याची अर्धीअधिक वाद्यं त्याच शहराच्या कायद्याने गोंगाटात जमा केली होती. वाद्यांची ही वर्णव्यवस्था १९८०च्या दशकात कोर्टात टिकली नाही. मूळ कायदा रद्द व्हायला २०१७ उजाडलं.

एवढं सगळं एका फोटोच्या माथी कशाला, असं कोणी विचारेल. केन पोलीस नव्हता, महापौर नव्हता. त्याने तर या माणसांना त्यांच्याच वस्तीत, त्यांच्याच चांगल्या कपड्यांत, हातात वाद्य न देता उभं केलं. वाजवणारे हात म्हणून नव्हे, माणसं म्हणून. त्या काळच्या मासिकांत काळ्या माणसांचे फोटो कसे येत हे आठवलं तर ही साधी गोष्ट नव्हे. शिवाय या फोटोमुळे नावं टिकली. हिल्टन जेफरसन, स्कोव्हिल ब्राउन, रूडी पॉवेल ही नावं आज पक्क्या दर्दींपलीकडे कोणाला माहीत असती? चेहऱ्याखाली नाव लिहायचं म्हणून कोणी तरी शोध घेतला, त्यातून आठवणी गोळा झाल्या, आणि पिढी म्हणजे पाच-सहा तारे नसून त्यांच्यामागे बसून वाजवणारी ही सगळी फौज असते हे एका नजरेत दिसलं. ही कमाई मी नाकारत नाही.

पण ती सकाळ आपल्याला कळते तीही बरीचशी वादकांच्याच कृपेने. बेसवादक मिल्ट हिंटन आपला कॅमेरा घेऊन आला होता आणि त्याची बायको मोना हिच्या हाती छोटा मूव्ही कॅमेरा होता. बाखच्या माहितीपटातली हलती दृश्यं तिने टिपलेली आहेत. हिंटन वर्षानुवर्षं दौऱ्यांवर फोटो काढत असे. दक्षिणेतल्या रेल्वे स्टेशनांवर ‘काळ्यांसाठी’ अशा पाटीखाली उभे असलेले बँडमधले सोबतीही त्याने टिपलेत. तेही ग्रुप फोटोच. त्याच काळातले, त्याच धंद्यातले, चांगल्या कपड्यांतले. त्यांची पोस्टरं मात्र दिवाणखान्यात दिसत नाहीत. हार्लेमच्या फोटोची नक्कल मात्र पुन्हा पुन्हा झाली. १९९८मध्ये फोटोग्राफर गॉर्डन पार्क्सने त्याच पायऱ्यांवर हिप-हॉपवाल्यांची मोठी गर्दी उभी केली, आणि नंतर कुठल्या कुठल्या शहरांत, कुठल्या कुठल्या संगीताची अशी ‘पिढी’ कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. नक्कल सोपी, कारण खर्च काही नाही. सकाळी दहाला या, उभे राहा, जा.

खर्चाचं काम कोणी केलं ते पाहायचं तर मंकच्या शेजारी उभ्या असलेल्या मेरी लू विल्यम्सकडे बघा. त्याच सुमारास तिने व्यसनात बुडालेल्या, आजारी, कफल्लक वादकांना सावरण्यासाठी एक संस्था काढली आणि पैसा उभा करायला जुन्या कपड्यांचं, वस्तूंचं दुकान चालवलं. उंची कपड्यांपासून जोड्यांपर्यंत जे मिळेल ते मित्रांकडून मागून आणायचं आणि विकायचं. जॅझमधली एक अव्वल पियानोवादक आणि संगीतरचनाकार जुने जोडे विकून आपल्या धंद्यातल्या माणसांच्या औषधपाण्याची सोय करते, आणि तिचा देश तिला सुवर्णकाळाच्या फोटोत उभं करतो.

आता पैशाचं बोलू. कदर शेवटी तिथेच तपासली जाते, आणि इथे तर फोटो स्वतःच साक्षीला उभा राहतो. अमेरिकेच्या केंद्रीय कॉपीराइट कायद्याने छायाचित्राला १८६५पासून संरक्षण दिलं. ध्वनिमुद्रणाला ते मिळालं १५ फेब्रुवारी १९७२पासून, तेही त्या दिवसानंतरच्या मुद्रणांना. म्हणजे १९५८च्या त्या सकाळी पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसांचं चित्र ही केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता होती. त्यांनी आयुष्यभर रेकॉर्डवर वाजवलेलं संगीत नव्हतं. राज्याराज्यांचे तुटक कायदे होते, पण त्यातून वादकाच्या हाती काही पडणं मुश्कील.

फोटोत असलेल्या हॉकिन्सचंच उदाहरण घ्या. ११ ऑक्टोबर १९३९ला त्याने ‘बॉडी अँड सोल’ ध्वनिमुद्रित केलं. मूळ चाल जॉनी ग्रीनची. हॉकिन्स सुरुवातीच्या काही ओळी चालीच्या आसपास राहतो आणि मग तिला सोडून देतो. पुढे उरतो तो नुसता स्वरसंगतीचा सांगाडा. त्यावर जे बांधलं ते सगळं त्याचं, तिथल्या तिथे सुचलेलं. सॅक्सोफोनवाल्यांच्या पुढच्या पिढ्यांनी पाठ केलं ते ग्रीनचं गाणं नव्हे, हॉकिन्सचं वादन. पण ही रेकॉर्ड अमेरिकेतल्या रेडिओवर वाजली की पैसे जायचे ग्रीनला, गीतकारांना आणि प्रकाशकाला. हॉकिन्सला छदाम नाही. त्यांना मिळाले ते रास्तच होते. हॉकिन्सला का नाही, हा प्रश्न आहे. ज्या कलेत ऐनवेळी सुचलेलं हेच सर्वस्व, तिला फक्त कागदावर लिहिलेल्या चालीला मालक मानणारा कायदा लावला की कलावंत आपोआप रोजंदारीवर येतो. सत्राचे पैसे घे आणि नीघ.

यात सुधारणा झाली, पण अर्धवट. इंटरनेट आणि सॅटेलाइट रेडिओवरच्या प्रसारणासाठी वादकांना वाटा मिळू लागला. २०१८च्या कायद्याने १९७२पूर्वीच्या रेकॉर्डही त्यात आल्या. हॉकिन्सला जाऊन तेव्हा ४९ वर्षं झाली होती. जमिनीवरच्या जुन्या एएम-एफएम स्टेशनांना मात्र अजूनही वादकाला काहीच द्यावं लागत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांत द्यावं लागतं. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, यासाठी पुन्हा पुन्हा विधेयकं येतात आणि धूळ खात पडतात, कारण स्टेशनांच्या मालकांची संघटना बळकट आहे आणि प्रत्येक मतदारसंघात एक तरी स्टेशन आहेच.

२०२४मध्ये बेनी गोल्सन गेला आणि फोटोतल्यांपैकी एकटा सनी रोलिन्स उरला. तेव्हा फोटो पुन्हा सगळीकडे छापून आला. श्रद्धांजलीचे लेख आले, रेडिओवर खास कार्यक्रम झाले असणार, आणि त्यांत गोल्सनच्या रेकॉर्डही वाजल्या असणार. गोल्सन उत्तम रचनाकार असल्याने त्याच्या घरच्यांना रचनांची रॉयल्टी तरी मिळेल. त्याच रेकॉर्डवर त्याच्या शेजारी बसून वाजवणाऱ्याच्या घरी एफएमवरून काही येणार नाही.

मालकांचा युक्तिवाद जुनाच आहे: आम्ही तुमची रेकॉर्ड वाजवतो म्हणजे तुमची फुकट जाहिरात करतो, वर पैसे कसले मागता? मासिकाच्या फोटोत उभं केलं, आणखी काय हवं, असं विचारण्यासारखंच हे. नवख्या गायकाच्या बाबतीत या म्हणण्यात थोडं तरी तथ्य असेल. पण हॉकिन्स १९६९मध्ये गेला. आता ना त्याला क्लबची सुपारी मिळवायचीय, ना नवी रेकॉर्ड खपवायचीय. त्याची १९३९ची रेकॉर्ड आज वाजते आणि तिच्या आगे-मागे मोटारींच्या, विम्याच्या जाहिराती लागतात. त्या जाहिरातींचे पैसे कोणाच्या वादनावर मिळतात, एवढं स्टेशनवाल्यांनी काँग्रेसच्या समितीपुढे एकदा शपथेवर सांगावं.